सुजयची तब्येत

रोहा, २७ एप्रिल २०२५

मिथुन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहिते. शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळली. पत्र गेलं की उशिरा का होईना, त्याचं उत्तर येतं, असा माझा अनुभव आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. सुजय ९ फेब्रुवारीला मोटारसायकलवरून तुझ्याकडे जोह्याला यायला निघाला आणि वडखळच्या अलीकडे अपघातात गेला. तुझ्याकडे येत होता म्हणून तू माझ्यासमोर येत नसशील, तर ते मनातून काढून टाक. एकवीस वर्षांचा मुलगा रविवारी घरात बसत नाही. तुझ्याकडे नसता आला तर आणखी कुठे गेला असता.

आता ज्यासाठी लिहिते ते. त्याने चॅनेल सुरू केलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, म्हणून पैसे जमा होतात ते खातं माझ्या नावाने काढलं. काल पासबुक छापून आणलं. एप्रिलच्या बावीस तारखेला एकतीस हजार जमा झाले आहेत. ते मार्च महिन्याचे, म्हणजे तो नसतानाचे. तो असताना कधी वीस-बावीसच्या वर गेले नव्हते.

मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी उरतो तो जिंकतो, एवढं त्याने एकदा सांगितलं होतं. तो खेळताना लोक बघतात आणि त्याचे पैसे मिळतात, हे मी पाच वर्षांत नीट समजून घेतलं नाही. दार लावून ओरडत बसायचा. कोणी विचारलं तर मी 'कॉम्प्युटरचं काम करतो' म्हणून सांगायचे.

पण खेळणारा नाही, तरी पैसे वाढले, हे कसं? तुला माहीत असेल. माझ्या खात्यात आलेल्या पैशाचं कारण मला माहीत नाही, असं आजपर्यंत झालेलं नाही.

तुझ्या आई-बाबांना नमस्कार.

अनिताकाकी


जोहे, ५ मे २०२५

काकी,

नमस्कार. पोस्टमनने पत्र कारखान्यात आणून दिलं. बाबा म्हणाले, "बँकेचं हाय का रे?" मी म्हटलं, रोह्याचं हाय. त्यांनी रेडिओ बंद केला आणि मूर्तीला पॉलिश पेपर मारत बसले.

मला निबंधाला कधी धड मार्क नव्हते, चुकलं तर समजून घ्या. फोन येतो तेव्हा मी तुमचं नाव बघतो आणि वाजू देतो. त्याची माफी मागतो.

पैशाचं असं हाय. जुने व्हिडिओ लोक अजून बघतात, त्यावर जाहिराती लागतात. दुसरं, मेंबर असतात. महिन्याला एकोणसाठ रुपये देणारे चारशेच्या वर हायत. तिसरं, लाइव्ह चालू असताना कोणी वीस-चाळीस रुपये पाठवून मेसेज टाकतो आणि सुजय त्याचं नाव घेऊन उत्तर द्यायचा. बाकीचे सुजयपेक्षा चांगले खेळणारे खूप हायत. पण नाव घेण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. एकदा आलेला पोरगा सहा महिन्यांनी आला तरी विचारायचा, "काय रे, दहावीचं काय झालं?"

तो खेळायचा आणि मी इथून चॅट सांभाळायचो. शिव्या पुसायच्या, नवीन आलेल्याला रामराम घालायचा, रोजची नोटीस लिहायची. हाताला रंग असायचा, फोन सगळा पिवळा झालाय. चॅनेलची एक चावी माझ्याकडे हाय, म्हणजे त्याच्या नावाने मला लिहिता येतं.

एप्रिलला का वाढले ते नक्की नाय सांगता येणार. बघणारे वाढले असतील.

तुम्ही चॅनेल उघडू नका, काकी. त्याचा आवाज ऐकून त्रास होईल.

गणपतीच्या ऑर्डरी सुरू हायत, वेळ होत नाय, म्हणून आलो नाय.

मिथुन


रोहा, १४ मे २०२५

मिथुन,

तुझं पत्र मिळालं. तू उघडू नका म्हणालास, म्हणून उघडलं. तसं केलं नसतं तर बरं झालं असतं असं म्हणणार नाही.

शेजारची दिशा अकरावीला आहे. तिने सुजयच्या खोलीतला कॉम्प्युटर लावून दिला आणि कसं बघायचं ते दाखवलं. पहिल्याच व्हिडिओत अर्ध्या तासाने माझाच आवाज आला. "सुजय, भात निवतोय!" मी दचकले. बाजूला लोकांचं लिहिणं येत होतं, ते दिशाने वाचून दाखवलं. "काकी आल्या." "दादा पळ, नाहीतर मार खाशील." "काकी, आज भाजी काय?" आणि सुजय खेळता खेळता म्हणाला, "वालाचं बिरडं. तुम्हाला नाय मिळणार." मला वाटायचं, बंद दाराआड तो एकटा आहे. दोन-तीन हजार माणसं माझ्या जेवणाची चौकशी करत होती.

दिशा दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तेव्हा आम्ही नोटिसांचं पान उघडलं. त्याच्याच नावाने आणि फोटोने लिहिलेलं आहे. मी तारखांसह उतरवून घेतलं, ते असं:

९ फेब्रुवारी. सुजय सिरियस आहे. देवाला हात जोडा.
१० फेब्रुवारी. आयसीयूत आहे. भेटायला सोडत नाहीत.
२ मार्च. डोळे उघडले.
१९ मार्च. आज पेज प्यायला.
६ एप्रिल. आईचा हात ओळखला.

शेवटचं वाचून मी दिशाला घरी पाठवलं.

ते तू लिहिलं आहेस. चावी तुझ्याकडे आहे असं तूच कळवलंस. खाली शेकडो मुलांनी उत्तरं लिहिली आहेत, औषधाला म्हणून पैसे पाठवले आहेत. एप्रिलचे पैसे का वाढले ते मला आता कळलं.

मी रागावलेले नाही. पण मला समजलं पाहिजे. उत्तर लिही. पोस्टानेच लिही, फोनवर मला हे ऐकवणार नाही.

अनिताकाकी


जोहे, २० मे २०२५

काकी,

तीन दिवस हे पत्र लिहितोय. सगळं सांगतो.

त्या रविवारी चॅनेलला पन्नास हजार लोक झाले म्हणून पाच वाजता आमच्या कारखान्यातून स्पेशल लाइव्ह होतं. सुजयला कच्च्या मूर्तींच्या रांगेत बसून खेळायचं होतं. बाबा आधी म्हणाले, "हितं धंदा चालतो, तमाशा नाय." मग स्वतःच झाडू मारला आणि त्याच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं. पावणेपाचला चोवीसशे लोक येऊन बसलेले.

तेवढ्यात सुजयच्या नंबरवरून फोन आला. बोलणारा दुसराच. म्हणाला, "तू याचा कोण?" मी म्हटलं, मित्र. तो म्हणाला, "घरच्यांना कळव. हा गेलाय." इतकं सरळ मला कोणी कधी काय सांगितलं नव्हतं.

समोर चॅटवर सगळे विचारत होते, कुठाय सुज्या, कुठाय सुज्या. मी लिहिलं, सिरियस हाय. काकी, आपल्यात पहिल्यांदा तसंच सांगतात ना? माझा आजा गेला तेव्हा मुंबईच्या आत्याला सिरियसच सांगितलं होतं. ती एसटीतून उतरली ती रडतच उतरली. ऐकणारा काय ते समजून घेतो, दारात येईपर्यंत मनाची तयारी करतो. मला वाटलं, ही पोरं पण समजतील. पण ती पंधरा-सोळा वर्षांची. त्यांनी लिहिलं तसं धरलं.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून आलो, आंघोळ केली, फोन उघडला. अकराशे मेसेज. बार्शीचा आदेश म्हणून एक हाय, कापडाच्या दुकानात कामाला. त्याने सोमवार धरलेला, तुमच्या सुजयसाठी. मी लिहायला घेतलं की तो गेला. 'तो' लिहिलं आणि बोट पुढे जाईना. मग लिहिलं, आयसीयूत हाय.

त्यानंतर रोज संध्याकाळी कोणी ना कोणी विचारायचं, कसा हाय आता? आणि मी सांगायचो. दिवसभर कारखान्यात त्याचं नाव कोणी काढत नव्हतं, मला त्रास नको म्हणून. आई पण नाय. फक्त तिथेच लोक त्याच्याबद्दल बोलत होते. तिथे मी त्याला थोडा थोडा बरा करत होतो. ज्या दिवशी पेज प्यायला असं लिहिलं, त्या दिवशी मी पण पोटभर जेवलो.

पैसे मी मागितले नाय. पण नको पण म्हटलं नाय.

मिथुन


रोहा, २८ मे २०२५

मिथुन,

तू केलंस ते चूक आहे. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

मलाही तसंच सांगितलं होतं. माझे दीर बाळभावजी त्या दिवशी रोह्यातच होते. ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, सुजय जरा सिरियस आहे, पेणला जाऊ." त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. मी समजले. तरी पेणपर्यंत सगळी वाट मी त्यांना डॉक्टर कोण आहेत, रक्त लागेल का, असं विचारत होते आणि तेही उत्तरं देत होते. त्यामुळे तो शब्द तुझ्या हातून कसा लिहिला गेला ते मला समजतं. त्यानंतरचे साडेतीन महिने समजत नाहीत, असं लिहिणार होते. पण तेही खरं नाही.

खरं काय ते सांगते. तुझं पत्र आल्यापासून रोज दुपारी ऑफिसातून घरी आले की मी ते पान उघडते. आता एकटीला उघडता येतं. सुजयला पेज आवडत नसे. लहानपणापासून तापात मऊ भात आणि मेतकूट खायचा. तू मऊ भात लिहायला हवं होतंस. गेल्या आठवड्यात तू 'भिंतीला धरून उभा राहिला' असं लिहिलंस, तेव्हा मी वाट बघत होते की आता चालला असं कधी लिहितोस. सोमवारी काही लिहिलं नाहीस, तर मंगळवारी माझं कामात लक्ष लागेना. मी आवक रजिस्टरात जावक पत्र चढवलं. हे सव्वीस वर्षांत झालेलं नाही.

तेव्हा मी ठरवलं की हे थांबलं पाहिजे.

१५ जूनला त्याचा वाढदिवस. मुलांनी लिहिलं आहे की त्या दिवशी दादाला पाच मिनिटं तरी दाखवा. आदेश लिहितो, त्याने दुकानातून रजा मागितली आहे, तो बार्शीहून रोह्याला येणार आहे. त्याला मी दारात काय सांगू? सिरियस आहे?

१५ तारखेच्या आत तू त्यांना खरं सांग. चार ओळी पुरेत.

अनिताकाकी


जोहे, २ जून २०२५

काकी,

मला नाय जमणार.

काल लिहून बघितलं. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसलो. तुम्ही, मी, बाळकाका, आपण त्याला एकदा पोचवून आलो. आता मी लिहिलं की तो इथे पण जाणार, आणि तो माझ्या हाताने. आदेशला मी सांगतो, हॉस्पिटल बदललं, मुंबईला नेलाय, येऊ नको. आणखी दोन-तीन महिन्यांनी हळूहळू सांगू. गणपती होऊ देत.

आणि एक लिहितो. हे लिहिणार नव्हतो.

मार्चच्या शेवटी मी कासूला उतरलो होतो, अनसूयाआजीकडे. पाडव्यानंतरचा दिवस होता. मला वाटलं, सुजयच्या आजीजवळ बसावं, ती रडेल, मला पण रडता येईल. आजी पडवीत बसलेली. मला बघून म्हणाली, "ये रे बाबा. तुझा मित्र पुण्याला कंपनीत लागला तर आजीला विसरला का रे?"

मी उभाच राहिलो.

"शिफ्ट कुठली असते त्याची?" म्हणाली. मी म्हटलं, दिवसाची. "जेवायला कोण घालतो?" म्हटलं, मेस हाय. "बरी हाय का?" म्हटलं, रविवारी चिकन असतं. मागच्या दारातून बाळकाका मला हाताने खुणावत होते, गप रहा, गप रहा. आजीने सुजयसाठी माझ्याकडे सोललेल्या वालांची पिशवी दिली. ती मी आईला दिली.

काकी, तुम्ही आजीला काय सांगितलंत? तुमचं खोटं मी तिथे पुढे चालवलं, तेव्हा मी तुम्हाला पत्र पाठवून विचारलं नाय.

उद्धट लिहिलं असेल तर माफ करा. पण फाडून परत लिहिणार नाय.

मिथुन


रोहा, ९ जून २०२५

मिथुन,

उद्धट नाही. बरोबर लिहिलंस. तुझं पत्र मी पाच दिवस पर्समध्ये ठेवलं आणि काल रविवारी कासूला गेले.

सुजय गेला तेव्हा बाळभावजींनीच ठरवलं होतं की आईला सांगायचं नाही. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, त्यात हृदयाचं दुखणं. मीही हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं वाटलं. त्या घरी गेलं की तास-दोन तास मीसुद्धा पुण्याच्या कंपनीबद्दल बोलायचे. कंपनी मोटारींचे भाग बनवते, हे मी शोधून काढलेलं आहे.

काल भावजी अंगणातच म्हणाले, "वहिनी, काही झालं तर तुमच्या डोक्यावर." मी म्हटलं, असू दे.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि एकाच वाक्यात सांगितलं. "आई, सुजय पुण्याला नाही. तो ९ फेब्रुवारीला अपघातात गेला."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वार कुठला?"

"रविवार."

"पाडवा त्याच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"मंग तू मला पाडव्याला श्रीखंड वाढलंस गो."

मी हो म्हटलं.

"आन् मी खाल्लं. माझा नातू गेला आन् मी डोकीला तेल लावून गोड खाल्लं. शिमग्याला त्याच्या नावाचा नारळ दिला. अगो, मी म्हातारी हाय, मी मरंन म्हणून तुम्ही भ्यालात. मरू द्यायचं होतं. माझं रडणं तुम्ही तुमच्याकडं ठेवून घेतलंत. ते तुमचं होतं काय?"

भावजी दारात उभे राहून रडत होते. त्यांना त्या म्हणाल्या, "तू नंतर रड. आधी पाणी काढ." डोक्यावरून आंघोळ करून त्या भिंतीशी घोंगडीवर बसल्या आणि आजपासून सुतक म्हणाल्या. भावजींनी सांगितलं, "आई, इतक्या उशिरा कळलं की नुसतं स्नान पुरतं, शास्त्र तसं आहे." त्या म्हणाल्या, "शास्त्राला सांग, मला आज कळलं."

मग त्या रडल्या. मी त्यांच्याजवळ बसले. मिथुन, फेब्रुवारीत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा मी चहाचे कप मोजत होते. काल मला रडता आलं.

निघताना त्यांनी विचारलं, "आणखी कोणाला सांगायचं ठेवलंस का?" मी म्हटलं, पन्नास हजार माणसं आहेत. त्या घाबरल्या नाहीत. "मंग बसलीस काय, ऊठ," म्हणाल्या.

तू लिहिलंस की तुझ्या हाताने नको. ठीक आहे, माझ्या तोंडाने होईल. १५ तारखेला सकाळी अकरा वाजता मी सुजयच्या खुर्चीवर बसेन. कॅमेरा आणि माइक दिशा लावून देईल. पण लाइव्ह सुरू करायला तुझी चावी लागते म्हणते. तू यायची गरज नाही. जोह्यातूनच सुरू कर आणि नेहमीसारखी चॅट सांभाळ. अकराला स्क्रीन काळीच राहिली तर मी समजेन, आणि आदेशला दारात सांगेन.

अनिताकाकी


जोहे, १६ जून २०२५

काकी,

हे पत्र मृणाली मॅडमच्या हाती देतोय. त्या पेणहून रोज तुमच्या शाळेत येतात, उद्या सकाळी तुम्हाला मिळेल.

सुरुवातीला तुम्हाला चॅट दिसत नव्हती, म्हणून इथून काय दिसलं ते लिहितो.

दहा छप्पनपर्यंत मी चालू केलं नव्हतं. बाबा बाजूला येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई एकटी बसली असंल तिथं." मग मी चालू केलं.

एकोणतीसशे लोक. सगळे केक टाकत होते, दादा आला, दादा आला. आणि मग तुम्ही दिसलात. सगळे म्हणाले, काकी! तुमचा आवाज ऐकलेला, तोंड कोणी बघितलं नव्हतं. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, कागदाकडे बघत होता. "मी सुजयची आई. सुजय ९ फेब्रुवारीलाच गेला. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते खरं नव्हतं, आणि ते मी वाचत होते, तरी थांबवलं नाही. तुमचे पैसे माझ्या खात्यात आहेत, मागेल त्याला परत मिळतील."

माझं नाव तुम्ही घेतलं नाय. मी ऐकत होतो, आता घ्याल, आता घ्याल.

एरवी चॅट वाचता येत नाय इतकी पळते. त्या वेळी अर्धा मिनिट एक अक्षर नाय. मला वाटलं, नेट गेलं. मग शिव्या आल्या. खोटारडे, पैसे खाल्ले, मेलेल्यावर धंदा. त्या मी पुसल्या नाय. त्यांचं बरोबर होतं. त्यांच्याखालीच मी लिहिलं की ते सगळं मिथुनने लिहिलं, काकींनी नाय.

तुम्ही उठून जाल असं वाटलं होतं. पण तुम्ही चष्मा लावला आणि एकेक नाव वाचायला लागलात. चाळीस मिनिटं! "प्रो किलर नाइन्टी नाइन, तुम्हालाही नमस्कार, रडू नका," असं तुम्ही म्हणालात तेव्हा बाबा हसले आणि लगेच बाहेर गेले. आदेश एसटीत होता, त्याने तिथूनच लिहिलं, काकी मी येतोय, फक्त तुम्हाला भेटायला.

संध्याकाळी सवयीने फोन उघडला. वाटलं, आज कोणी काय विचारणार नाय, विचारायला राहिलंय काय. पण आदेशने लिहिलेलं, मिथुनभाऊ, तू कसा आहेस? त्याखाली आणखी पंधरा-वीस जणांनी तेच.

काकी, चार महिने मी रोज या प्रश्नाचं उत्तर देत होतो, कधी अडलो नाय. काल तासभर बसलो. मग लिहिलं, बरा नाय.

मिथुन


रोहा, १८ जून २०२५

मिथुन,

पत्र काल मिळालं. मृणाली मॅडमच्याच हाती उत्तर देते.

आदेश येऊन गेला. बारीक, लाजाळू मुलगा आहे. सुजयच्या खोलीत दहा मिनिटं बसला, कशाला हात लावला नाही. माझ्यासाठी दुकानातून साडी आणली होती. पैसे कोणी मागितले नाहीत, फक्त एकाने मागितले. त्याला चाळीस रुपये परत हवे होते, पावसाळी चपला घ्यायच्या होत्या. मी लगेच पाठवले. मला बरं वाटलं. बाकीचं तू आणि मी बसून ठरवू. चॅनेल आहे तसं राहील, त्यात नवीन काही जाणार नाही. जो मेंबर पैसे देणं थांबवेल त्याला काही म्हणायचं नाही.

आता तुझ्याबद्दल. सोमवारी संध्याकाळी कासूला गेले होते. सासूबाईंना सगळं सांगितलं, तू काय लिहीत होतास तेही. त्यांनी विचारलं, "त्या पोराने सुतक कुठं धरलं?" मी म्हटलं, मित्राला सुतक नसतं, आई. त्या म्हणाल्या, "नसतं कसं? मंग चार महिने तो काय करत होता?"

शुक्रवारी त्यांच्या सुतकाचं तेरावं आहे. त्या दिवशी घरच्यांना गोड घास भरवून दुःखातून उठवायचं असतं, तुला माहीत आहे. घरच्यांच्या पंगतीत तुझं पान मांडायचं त्यांनी ठरवलं आहे. भावजी म्हणाले, तो आपल्यातला नाही, लोक विचारतील. त्यावर त्या काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही.

पेणहून सकाळच्या गाडीने ये. कासू स्टेशनवर भावजी येतील. बाबांना सांग, एक दिवस कारखाना त्यांनी बघावा.

पहिला घास त्या स्वतः तुला भरवणार आहेत. तेव्हा नको, पुरे, असं काही म्हणत बसू नकोस. त्या वयात माणसाचा हात फार वेळ वर राहत नाही.

अनिताकाकी